टोपलीला चिकटणारा गोळा आणि नानांची पिशवी

मंगळवार, दुपारचे साडेतीन. वाचनालयाच्या मित्रांनो, बेकरीतून आत्ताच आलो आणि आपल्या फळ्यावर हा कागद लावतो आहे.

धुळ्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी मागवलेले मोठे गोल पाव आम्ही वेताच्या टोपलीत फुगवतो. मळलेला गोळा चिकटू नये म्हणून टोपलीला ज्वारीचे पीठ लावायचे काम माझे. तरी चार दिवस गोळा चिकटून फाटत होता. आज फाटला तर काम काढून घेईन, असे मालकांनी बजावले होते.

माझा संशय नानांवर. ते जुने कारागीर, हे काम आधी त्यांचे होते. सकाळपासून मी टोपलीवरून नजर हलवली नाही. तरी पहिला गोळा चिकटला. मग मी सरळच विचारले, "नाना, माझ्या पिठात काय मिसळता?"

नानांनी माझ्या डब्यातले चिमूटभर पीठ ओल्या बोटांनी चोळले. ते चिकट झाले.

"पोऱ्या, हाई ज्वारीनं पीठ नई. हाऊ कळना शे. घर इचार."

कळना म्हणजे भाकरीसाठी ज्वारीत उडीद घालून दळलेले पीठ. उडीद ओलावला की चिकटणारच. घरून डबा मीच भरला होता. त्यावरची 'ज्वारी' ही चिठ्ठीही माझ्याच अक्षरात.

नानांनी टोपली कोरड्या ब्रशने झाडून तांदळाचे पीठ लावले. दुसरा गोळा अलगद निघाला, तो पाहून मालक निवळले आणि माझे काम वाचले.

घरी जाताना नानांनी आपली पिशवी माझ्यापुढे उघडी धरली. "देखी ले, मी काय मिसळस ते."

मी नको म्हणालो, पण नजर आत गेलीच. त्यांनी ते पाहिले. उद्या त्यांच्यासमोर कसा उभा राहू?