न दिलेला घास

दुपारी जेवून शालनचा डोळा लागतो न लागतो, तोच शेजारच्या पलंगावर कुणीतरी बसतं. पलंग करकरतो. तो रिकामा आहे, हे शालनला झोपेतही ठाऊक आहे. अंदमानातल्या एका बेटावरची ही छोटी सहल, फक्त बायकांची. समुद्रकाठच्या खोल्या, ना कुणाचा डबा ना कुणाचं औषध. शालन आणि तिची जाऊ, दोघींनी मिळून नावं दिली होती. त्यातल्या थोरल्या, इंदू आक्का, दिवाळीआधी तापाचं निमित्त होऊन गेल्या.

"काय गं, झोपाया आलीस व्हय एवढ्या लांब?" आक्का विचारतात.

शालनला भीती अशी वाटतच नाही, रडू मात्र येतं. "आक्का, तुम्ही आलात?"

"यीन न्हाई तर काय! नाव लावलं हुतं की माझं."

दार उघडून दोघी बाहेर पडतात, तर तिथं व्हरांडा नाहीच, कोल्हापूरचं स्वयंपाकघर आहे. फरशीवर वाळू. ओट्याखालून लाट येते, पाटाला लागते आणि माघारी जाते. आक्का पाटावर बसून फडकं सोडतात. आत दाण्याचा कूट आणि गूळ भरलेल्या शेंगांच्या पोळ्या. कुठं जायचं म्हटलं की आक्का त्याच करायच्या, आणि पहिला तुकडा शालनच्या तोंडात घालून म्हणायच्या, "गूळ बघ."

मेलेल्या माणसानं स्वप्नात घास दिला तर खाऊ नये, खाल्ला की त्याच्यामागं जावं लागतं. लहानपणी ऐकलेलं हे शालनला पक्कं आठवतंय. आठवतंय म्हणूनच ती सरकून जवळ बसते. खोटं कशाला बोला, तिला परत जायचंच नाही. दोघींचे नवरे मागेच गेलेले, पोरं परगावी. भांड्याला भांडं लागायचं, पण घरात आवाज तरी होता. आता भांडायलासुद्धा माणूस उरलं नाही, तिथं जाऊन करायचं काय?

"आक्का, गूळ बघू?"

आक्का तुकडा मोडतात. शालन चिमणीच्या पिलासारखा आ करते. आक्का तिच्याकडं बघत बघत तो तुकडा आपल्याच तोंडात टाकतात.

"गूळ बरा हाय."

"मला द्या की."

"न्हाई."

"आजवर कधी माझ्याआधी खाल्लं नाहीत."

"तवा जित्ती हुते."

पाणी मांडीला लागलंय. ओटा कुठं दिसत नाही, नुसता करडा समुद्र. आक्का फडक्याची गाठ मारायला घेतात. शालन पोळी ओढायला हात घालते आणि आक्का त्या हातावर फाडकन मारतात, नैवेद्याआधी ताटात हात घालणाऱ्या पोराला मारावं तसं.

"पाया पडते, आक्का. मला न्या."

"गप! तुझं तू खा, तिकडं. माझ्यातलं मागू नगंस." बोलता बोलता आक्काही पदरानं डोळे पुसतात.

दार वाजतं. शालन जागी होऊन कडी काढते. पलीकडच्या खोलीतल्या सरनोबत बाई चहा आणि बिस्किटांचा पुडा घेऊन उभ्या आहेत.

"उठलात का, शालनताई? इथं ऊन लवकर उतरतं. पाण्यात यायचंय ना?"

शालन बिस्कीट डाव्या हातानं घेते. उजव्या हाताच्या पाठीवर चार बोटं उमटली आहेत, लाल, चुरचुरणारी.

"अगं बाई! हे काय झालं?"

"जाऊबाईंनी मारलं," शालन म्हणते, आणि डोळे न पुसताच बिस्किटाचा घास घेते.