नव्वदच भेटते, मावशी

भाऊहो, आज दुपारी मी एका मावशीशी खोटं बोललो. तेव्हापासून कामात मन लागून नाही राह्यलं.

मी आदिलाबादले ॲपवर ऑटो चालवतो. बस स्टँडवरून मोठ्या दवाखान्याचं भाडं लागलं. सवारी म्हणजे भीमपूरकडची एक मावशी, हातात डब्याची पिशवी. बसल्याबरोबर तिनं फोन माह्यासमोर धरला. "पोरीनं बुक करून देल्लं बाबा. इथं नव्वद दिसून राह्यले. तुह्या हातात किती पडते?"

मी चमकलोच. असं कोण विचारते? मागच्या महिन्यात माह्या दोस्ताले एका सवारीनं असंच गोड बोलून विचारलं होतं. त्यानं कंपनीले चार शिव्या हासडल्या. दुसऱ्या दिवशी त्याची ॲपवरची आयडी बंद! काऊन बंद केली, ते कोणीच सांगत नाही. तेव्हापासून आमाले प्रत्येक सवारी कंपनीचाच माणूस वाटते.

माह्या फोनवर माह्या वाट्याचे बासष्टच होते. डिझेल माहं, हप्ता माहा. तरी आरशात मावशीकडं पाहत म्हटलं, "नव्वदच भेटते."

"पुरते काय?"

"मस्त पुरते. कंपनी चांगली हाय."

उतरताना मावशी एकदम खूश. "बरं झालं तुले विचारलं. माहा जावई ऑटो घेऊ का नको करून राह्यला. आजच सांगीन त्याले, घेऊन टाक म्हणून."

मी तोंड उघडायच्या आत ती दवाखान्यात शिरली.

भीमपूरकडं कोणाले आज सासूनं ऑटो घ्याले सांगितलं असन, तर त्याले ही पोस्ट दाखवा. बासष्ट भेटते, जावईबापू.

माहं नाव मात्र विचारू नका.