हाताखालचा

"उतर रे. पाणी किती आहे, बघून ये."

साहेबांनी जीपची काच चार बोटं खाली केली, एवढं बोलले आणि पुन्हा वर केली. पाऊस आत येत होता ना. समोर भामरागडच्या रस्त्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, नाल्याच्या पाण्यात बुडालेला. मी कनिष्ठ सहायक. पँट दुमडली आणि निघालो. वरून हसत. ऑफिसात मीच फुशारकी मारली होती, की आम्ही तलावावर मासे धरणारी माणसं, पाण्यातच जन्मलो. खरं म्हणजे मला पोहता येत नाही. पाचवीपासून होस्टेलात. तिथं पाणी बादलीत भेटे.

मांडीएवढं होतं. पलीकडून हात हलवला, जीप आली. साहेब जीपमधल्या नागपूरच्या पाहुण्यांना म्हणाले, "यांच्या जातीला पाणी काही करत नाही. हाताखाली असा एक पाहिजेच."

पाहुणे हसले. मीही हसलो. एवढंच नाही, घरी जाऊन तो किस्सा रंगवून सांगितला. साहेबांचा केवढा विश्वास!

बाबा जाळं सांधत बसले होते. "तू पाण्यात. आन् साहेब कुठी होता?"

"जीपमंधी."

"आन् तू त्याच्या हाताखाली?"

"हो ना."

बाबांनी जाळं बाजूला ठेवलं. लहानपणी तलावावर मी त्यांच्या हाताखाली होतो. हाताखालच्यानं काठावर दोर धरून उभं राहायचं. नव्या पाण्यात पहिला पाय बाबांचा. खोल किती, गाळ किती, आधी त्यांच्या अंगावर. मग मला हाक. हाच अर्थ घेऊन मी नोकरीत शिरलो होतो. बावळट.

"मोठ्यानं पहिले उतराचं असते," बाबा बोलले. बस.

पंधरवड्यानं तोच रपटा. पाणी लाल, वेगात. एक अख्खं झाड वाहून गेलं. काच खाली.

"उतर रे."

पोहता येत नाही, हे वाक्य तोंडात तयार होतं. ते बोललो असतो तर मी सुटलो असतो. मग साहेबांनी निवृत्तीला आलेल्या ड्रायव्हर भाऊंना उतरवलं असतं. गिळलं ते वाक्य.

"नाही उतरत, साहेब."

"काय म्हणालास?"

"कोणीच नाही उतरणार. पाणी ओसरेपर्यंत थांबू."

ड्रायव्हर भाऊंनी इंजिन बंद केलं, चावी खिशात घातली. "बराबर बोलून राह्यला तो, साहेब."

आठवड्यात नोटीस आली. वरिष्ठांच्या आदेशाची अवज्ञा, खुलासा सादर करा. पहिल्या मसुद्यात मी तीनदा 'क्षमस्व' लिहिलं. सवय, दुसरं काय. फाडला. दुसरा लिहिला:

"गाडीपुढे पाणी मोजणे हे माझ्या पदाचे काम नाही. माझ्या जातीचेही नाही. पुन्हा आदेश दिला तरी उतरणार नाही. उद्या माझ्या हाताखाली कोणी आला, तर त्यालाही उतरवणार नाही. कारवाई करावी."

सही केली. आवक शाखेत दिला आणि शिक्क्यासकट पोच घेतली.