मामांना न्हाई म्हणणारी वही

स्वतःवर इतका अविश्वास ठेवणारा प्रामाणिक माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा नसेल. हे आमचे मामा, म्हणजे आत्याचे यजमान. डोंगरकड्याजवळच्या आमच्या गावात लग्नकार्याची मोठी पातेली, कढया, झारे गावाच्या मालकीचे आहेत आणि त्या खोलीची किल्ली कित्येक वर्षं मामांच्या करदोट्याला आहे. भांडी देताना ते तीनदा मोजतात आणि चौथ्यांदा घेणाऱ्याकडून मोजून घेतात, कारण "माझी नजरच मला फितूर असंल तर?" कुलूप लावलं की रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून ते ओढून पाहायला लावतात. एकदा त्यासाठी एसटीच्या कंडक्टरला खाली उतरवलं होतं. कोणत्या पातेल्याला कोणाच्या लग्नात पोचा पडला हे त्यांना तोंडपाठ आहे आणि जो पोचा त्यांच्या हातून पडला, तो ते आधी दाखवतात.

अशा माणसावर गेल्या उन्हाळ्यात आळ आला. एकाच तारखेला दोन घरी लग्न आणि वहीत नेमकी त्या तारखेवर खाडाखोड. नाव चुकलं म्हणून मामांनीच ती चारचौघांत केली होती, पण गल्लीतले एक गृहस्थ म्हणाले, की मामांनी आपल्या पाहुण्याची, म्हणजे नात्यातल्या माणसाची, सोय केली. मामा भांडले नाहीत. किल्ली करदोट्याची सोडून त्यांनी घरात खुंटीला टांगली आणि पोळा झाला की सरपंचांना देऊन टाकणार, असं आत्याला सांगितलं.

मी तेव्हा कॉलेजात ब्लॉकचेन शिकत होते. शिकत होते म्हणणंही धाडसाचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली आणि वर्गात शंका विचारायला माझा हात वर जात नसे. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे अटी पाळणारा प्रोग्राम, तो एकदा नेटवर्कवर चढवला की पुष्कळ संगणकांवर राहतो आणि कोणाला गुपचूप खोडता येत नाही, एवढं कळलं होतं. सुट्टीत घाबरतच मामांना विचारलं, तुमची वही तशी करून पाहू का? सरावाच्या नेटवर्कवर खरे पैसे लागत नाहीत.

मामा पालथ्या पातेल्यावर बसून पाहत राहिले. वॉलेट, म्हणजे त्या नेटवर्कवरचं आपलं खातं, उघडताना बारा गुप्त इंग्रजी शब्द मिळतात. ते त्यांनी आरतीसारखे पाठ केले आणि कोणी ऐकू नये म्हणून पातेल्यात तोंड घालून म्हणून पाहिले. पातेल्याने ते गल्लीभर ऐकवले. नवं वॉलेट काढावं लागलं.

तिसऱ्या दिवशी माझं पहिलं कॉन्ट्रॅक्ट चाललं. एकाने घेतलेली तारीख दुसऱ्याला मिळेना. मी आनंदाने सांगितलं, की चूक झालीच तर बदलायची मुभा फक्त तुम्हाला ठेवली आहे.

"काहून?" मामा म्हणाले.

"तुमी किल्लीवाले म्हणून."

"मंग हे माझ्या वहीसारखंच झालं की, पोरी. माझ्यावरच इस्वास ठेवायचा तर एवढी तकलीफ कशाला? काढ ते."

शिकवणाऱ्या व्हिडिओत मालकाला मुभा होती, म्हणून मीही ठेवली होती. का ठेवायची, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. त्या ओळी काढल्या आणि कॉन्ट्रॅक्ट नव्याने चढवलं.

रविवारी भांड्यांच्या खोलीसमोर गाव जमलं. ते गृहस्थही आले. त्यांच्या घरच्या येत्या लग्नाची तारीख कॉन्ट्रॅक्टमध्ये आधीच घेतलेली होती. मामांनी सर्वांदेखत ती आपल्या नावावर करून पाहिली. मोबाइलने नकार दिला. पुन्हा केली, पुन्हा नकार. मग दहावीचा निकाल दाखवावा तसा तो मोबाइल मामा एकेकाच्या डोळ्यांपुढे धरत फिरले. "मला न्हाई म्हणून राहिलं," ते म्हणत होते. "बघा, मला." त्या गृहस्थांनी मामांचं घर गाठलं, खुंटीवरची किल्ली आणली आणि त्यांच्या हातात दिली.

कॉलेजात तोच माझा प्रोजेक्ट झाला. मालकाला मुभा का नाही, असं सरांनी विचारलं, तेव्हा मी मामांचंच उत्तर दिलं आणि पुढच्या तासाला शंका विचारायला माझा हात वर गेला.

आता तारखा लोक मोबाइलवरच घेतात. पूर्वी तारीख विचारायला मामांच्या ओसरीवर माणसं बसायची, दोनदा चहा व्हायचा. आता किल्लीपुरती येतात आणि उभ्या उभ्या जातात. दर रविवारी मात्र मामांचा मला फोन असतो. कोणाची तरी तारीख त्यांनी खोडून पाहिलेली असते. "आज बी न्हाई म्हणालं," ते समाधानाने सांगतात. मग फोन ठेवायच्या आधी विचारतात, "तू कधी येऊन राहिली?"