मिस रूबींचा शब्द आणि माझ्या मिरच्या

आता हसू नका म्हटलं तर तुम्ही आधी हसणार, पण सांगतेच. अख्खी बिल्डिंग मी भर थंडीत रस्त्यावर आणली होती!

साल चौऱ्याऐंशी. अमेरिकेत, जर्सी सिटीत आम्ही नवे. माझं शिक्षण सातवी, इंग्रजी 'येस, नो, थँक्यू'पुरतं. समोरच्या दारात मिस रूबी राहायच्या, केंटकीच्या डोंगराकडच्या म्हातारबाई. एके दिवशी माझ्या सात महिन्यांच्या छकुलीकडे टक लावून बघत म्हणाल्या, "पिअर्ट! पिअर्ट!"

संध्याकाळी ह्यांना विचारलं. ह्यांनी डिक्शनरी चाळली. "असा शब्दच नाही गं."

शब्दच नाही? मग म्हातारी पुटपुटली काय? त्यात दुसऱ्या दिवशी सकाळी छकुलीने दूध ओकलं. झालं! दृष्टच लागली!

हे तळघरात कपडे धुवायला गेले, तसं मी मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या छकुलीवरून उतरवल्या आणि इलेक्ट्रिकच्या शेगडीवर तव्यात टाकल्या. ठसका येईना! आमच्याकडे म्हणतात, ठसका आला नाही तर दृष्ट जबर. बाई गं! आणखी मूठभर टाकल्या. ती शेगडी तापायलाच वेळ लावते, हे मला कोण सांगणार?

मग तापली. एकदम! धूर, खोकला, अलार्मची बोंब! लोक जिन्यातून खाली धावताहेत, बंबवाले वर चढताहेत, हे ओले कपडे कवटाळून ओरडताहेत, "अगं, केलंस काय?"

बाहेर मिस रूबींनी स्वतःचा कोट काढून छकुलीला गुंडाळलं. मला राहवेना. ह्यांना म्हटलं, "विचारा ना त्या शब्दाचं!"

"पिअर्ट? म्हणजे तरतरीत, टवटवीत!" त्या म्हणाल्या. "'पर्ट' या इंग्रजी शब्दाचंच जुनं रूप. आमचे पूर्वज इंग्लंडहून घेऊन आले, आमच्या डोंगरात टिकला. माझी आजी बाळांना म्हणायची."

म्हातारी कुडकुडतेय आणि माझं लेकरू तिच्या कोटात! धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

"काय जळलं?" बंबवाल्याने विचारलं. हे माझ्याकडे बघताहेत, मी ह्यांच्याकडे. काय सांगू, या बाईंची नजर जाळत होते?

"कुकिंग," मी कशीबशी म्हटलं.

मिस रूबींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, बंबवाल्याला काहीतरी म्हणाल्या. हे हसू दाबत माझ्या कानाशी लागले. "म्हणताहेत, पोरीला स्वयंपाक येत नाही, रागावू नका. उद्यापासून मी शिकवते."

आणि मी, सासरी पंचवीस माणसांचा स्वयंपाक एकहाती उरकणारी, पुढे महिनाभर मुकाट मान खाली घालून त्यांच्याकडे अंडं उकडायला शिकले!