माझी स्वतःची वायर

कोणतीही वायर हातात आली की तो आधी तिचं टोक उजेडात धरायचा. मग म्हणायचा, "बाई, तोंड बसलं म्हंजी बोलणं झालं, असं न्हाई."

शिनोलीच्या स्टँडजवळ त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. असा एखादा तुमच्याही फाट्यावर असेल बघा. खिशाला चार स्क्रूड्रायव्हर, आणि पेन मात्र गिऱ्हाइकाकडून मागणारा.

खिळ्यांना वायरी टांगलेल्या. जुन्या बारक्या पिनेच्या, नव्या टाईप-सीच्या. एकाच पिनेच्या दोन वायरी दाखवून तो सांगायचा, "दिसायला जुळ्या बहिणी. पण हिच्यात दोनच तारा, नुसतं चार्जिंग. हिच्यात चार, ही फोटो, आवाज समदं नेती."

मी तेव्हा नुकती साठीची, म्हणजे तरुणच. निवृत्त शिक्षिका, शहाणपणाने तुडुंब. जुन्या फोनमध्ये आमच्या ह्यांचा आवाज होता, "अगं, मोटर बंद केली का?" एवढाच. ह्यांना जाऊन वर्ष झालेलं, आणि फोन दर दहा मिनिटांनी मान टाकत होता. तो आवाज नव्या फोनमध्ये घ्यायला मी त्याच्या दुकानात गेले.

त्यानं आपली काळी, मळकी वायर काढली. मी म्हटलं, "तुझी नको. माझी आहे." पुण्याहून लेकीनं पाठवलेली, पांढरीशुभ्र.

मळ हे निमित्त होतं. तो बौद्धवस्तीतला. त्याचे वडील आमच्या शेतावर यायचे तेव्हा त्यांचा कप वेगळा, पडवीच्या कोनाड्यात. ती सवय माझ्या हातातून वायरीपर्यंत पोचली होती. तो माझाच विद्यार्थी. समतेवरच्या निबंधाला मी त्याला दहापैकी आठ दिले होते.

माझी वायर लावली. फोन चार्ज होऊ लागला, कॉम्प्युटरवर काहीच दिसेना. "तुला येत नाही," मी चारचौघांत म्हटलं.

"येतं, बाई. तुमची वायर जेवू घालती, पण बोलत न्हाई. माझी लावू का आता?"

आवाजात टोमणा नव्हता. नव्हता म्हणूनच लागला. कोनाड्यातला कप त्यालाही ठाऊक होता.

मी मान हलवली. आवाज आधी कॉम्प्युटरात, मग माझ्या नव्या फोनमध्ये आला. "अगं, मोटर बंद केली का?" मला रडू फुटलं, तसा तो उठून बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मी डोळे पुसले आणि म्हणाले, "झालं एकदाचं." जणू मीच केलं.

माफीचे शब्द जुळवायला मास्तरीण बाईंना दोन वर्षं लागली. मग एक दिवस थर्मासमध्ये चहा आणि घरातल्या एकाच सेटचे दोन कप घेऊन गेले. शटर बंद. शेजारचा रसवाला म्हणाला, "बाई, तो गेल्या महिन्यात वारला की. तुमाला कळलं न्हाई?"

कप तसेच पिशवीतून परत आणले. धुवायचीही गरज पडली नाही.