मुद्दाम आंबवलेली

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती उगाच नाही. सकाळी ती कारखान्यात आली, तर कोपऱ्यातलं तिचं लाकडी पिंप रिकामं, तोटी उघडी आणि मोरीपर्यंत काळा ओघळ. शेजारी बाबा हात पुसत उभे. चेहऱ्यावर केवढं समाधान! जणू घराला लागलेली आगच विझवून आले.

"आंबली होती गं," ते म्हणाले. "वासावरूनच कळलं. चाखायचीही गरज पडली नाही."

बाबांच्या त्या लहानशा बिअर कारखान्यात एक रीत होती. आंबलेलं पिंप ज्याला सापडेल त्याने तिथल्या तिथे ओतून द्यायचं, कुणाला विचारत बसायचं नाही. विचारत बसलं की माणसाला मोह होतो, विकून टाकू म्हणतो. या रीतीवर बाबांनी नाव कमावलं. त्यांची फिकट, नितळ बिअर गिऱ्हाईक डोळे मिटून घ्यायचं. सगळं मान्य. पण थोरलीही इथेच पिंपं घासत लहानाची मोठी झाली होती. नवऱ्याशी फाटल्यावर परत आली, ती थेट हंड्यापाशी उभी राहिली. धाकट्या भावाने इथे कधी पाऊल टाकलं नाही, तो दातांचा डॉक्टर. पाटीवर मात्र 'अँड सन्स'!

ते पिंप म्हणजे तिची स्वतःची पहिली बिअर. जव काळे होईस्तोवर भाजून केलेली, मुद्दाम आंबवलेली, वर्षभर लाकडात मुरलेली. आज एक हॉटेलवाली बाई चाखायला येणार होती. पसंत पडली असती, तर थोरलीची बिअर थोरलीच्या नावाने विकली गेली असती.

"ही आंबटच असते, हे मी तुम्हाला कितीदा सांगितलं, बाबा?"

"सांगितलंस. पण मला वाटलं, बिघडलीय आणि तू झाकतेयस."

म्हणजे वर्षभर या कानाने ऐकायचं, त्या कानाने सोडायचं, आणि वर पोरीलाच खोटं ठरवायचं! संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

हॉटेलवालीसाठी काल काढून ठेवलेली एक बाटली तेवढी उरली होती. मागे पिंपच नाही म्हटल्यावर ती तिला पाजून करायचं काय? थोरलीने पेला भरला आणि बाबांपुढे आदळला.

"ओतलीत ना? आता प्या."

बाबांनी नाक मुरडत घोट घेतला. तोंड वाकडं झालं. आधी दात आंबले, मग भाजक्या जवाचा कडवटपणा आला, आणि मागून काळ्या मनुकांसारखं गोडसर काहीतरी घशाशी रेंगाळलं. दुसरा घोट त्यांनी सावकाश घेतला. तिसऱ्याला खुर्ची ओढून बसले. पेला रिकामा झाला तरी हातातच होता.

"अजून आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"होती," थोरली म्हणाली. "पिंपभर होती."